गाढवाच्या वळणावरचे नाव

मत्सराला कारण लागत नाही, असे जे म्हणतात त्यांनी मत्सर जवळून पाहिलेला नसावा. मत्सरी माणसाइतक्या काटेकोरपणे कारणे जमवणारा आणि जपणारा माणूस दुसरा सापडणार नाही. एलिएसर तिबादुइसा हा आमच्या तिबागोता गावाचा रंगारी. दुकानांच्या पाट्या, दुधाच्या ट्रकांवरील संतांची चित्रे, शाळेच्या भिंतीवरील पाढे, सारे त्याच्याच हातचे. युरानी सियाचोकेविषयी त्याच्या मनात जे होते त्याची कारणे कोणी विचारली असती, तर त्याने ती एकामागून एक मांडली असती, आणि त्यांतले एकही खोटे ठरले नसते.

नेल्सी ही त्याची एकुलती मुलगी. ती धड चालू लागण्याआधी त्याने तिला सायकलच्या दांडीवर बसवले होते. तरुणपणी तो स्वतः शर्यतींत धावला होता, पण दुसऱ्यांसाठी, त्यांच्या पुढे राहून वारा अंगावर घेत. जिंकणे त्याच्या वाट्याला कधी आले नाही. ते त्याने मुलीच्या नावे राखून ठेवले होते. युरानी ही गाढवाच्या वळणापाशी राहणाऱ्या एदेल्मिराची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरणारा धर्मपिता, म्हणजे ‘पाद्रीनो’, एलिएसरच. तेव्हापासून एदेल्मिरा त्याला ‘कोंपाद्रे’ म्हणे आणि तो तिला ‘कोमाद्रे’. आणि ह्या नात्यात वैर धरणे आमच्याकडे पाप समजले जाते. नेल्सीला लहान पडलेली सायकल त्यानेच युरानीला दिली. दोघींना डोंगरउतारावर नेऊन त्यानेच शिकवले, “वळणावर रेती दिसली की चाक बाजूला काढायचं. विचार करत बसायचं नाही. वळणावरची रेती कुणाची सख्खी नसते.” दोघींनी ते इतके घोकले होते की जेवताना मीठ सांडले तरी एक म्हणे, “रेती!” आणि दुसरी ताट सरकवी.

पुढे युरानी नेल्सीच्या पुढे निघून गेली. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. ह्यात युरानीचा काहीच अपराध नव्हता, हे एलिएसर जाणून होता, आणि तेच त्याला सोसवत नव्हते; कारण अपराध असता तर क्षमा तरी करता आली असती. पूर्वी गावात कोणी ‘आपली पोर’ म्हटले की त्याचा अर्थ नेल्सी असा होई. आता शब्द तोच, उच्चार तोच, अर्थ मात्र युरानी.

त्या वर्षी कनिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाची शर्यत आमच्या डोंगरात आली. खालच्या पुलापासून गावातून वर चर्चपर्यंत चढायचे, पलीकडून उतरून पुन्हा पुलाशी यायचे, अशा पाच फेऱ्या. आणि पाचवीचा शेवट वर, चर्चच्या दाराशी. ह्या चढावरची सर्वांत अवघड जागा म्हणजे गाढवाचे वळण. ओझ्याची गाढवे तेथे थांबून आयुष्याचा विचार करीत, म्हणून ते नाव. नेल्सी आणि युरानी दोघी आमच्याच प्रांताच्या संघातून उतरणार होत्या. जी जिंकेल तिला देशाच्या झेंड्याच्या तीन रंगांची जर्सी, आणि ती वर्षभर तीच घालून धावणार. एलिएसरने ती जर्सी नेल्सीच्या अंगावर इतक्या वेळा मनात चढवून पाहिली होती की ती आता जुनी दिसू लागली असती.

शर्यतीआधी रस्त्यावर चुन्याने नावे लिहायची, ही आमची रीत. चढावर सायकलस्वाराची मान खाली असते. म्हणून त्याला जे सांगायचे ते गाव त्याच्या डोळ्यांखाली लिहून ठेवते. चुनाच का, तर तो पावसाने जातो. रस्ता सर्वांचा, त्यावर कोणाचेही नाव शर्यतीपेक्षा अधिक काळ राहू नये, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो मला अजूनही योग्य वाटतो.

आदल्या दुपारी दुधाचा ट्रक चालवणारा प्रोस्पेरो चुन्याची बादली घेऊन एलिएसरच्या दारात आला.

“एलिएसर, युरानीचं नाव जरा मोठं काढ बरं का. विमानातून दिसलं पाहिजे.”

“विमानातून कोण बघणार आहे?”

“देव बघेल की! त्याला चष्मा लागलाय म्हणतात.” प्रोस्पेरो स्वतःच्या विनोदावर हसला आणि जाता जाता सहज म्हणाला, “नेल्सीचंही तू काढशीलच. पण ते तुझं घरचं काम. हे गावाचं.”

हे वाक्य बोलणारा ते लगेच विसरला. ऐकणाऱ्याने ते उचलून आपल्या संग्रहात ठेवले.

एलिएसरने युरानीचे नाव लिहिले, आणि सुबक लिहिले, कारण वाईट अक्षर काढणे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हते. मात्र ते त्याने वळणाच्या बऱ्याच खाली, चढ मवाळ असतो तेथे काढले, आणि चुन्यात पाणी थोडे अधिक घातले. मग तो वळणावर आला. त्या जागी, रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत त्याने नेल्सीचे नाव लिहिले. त्यासाठी चुन्याला त्याने हात लावला नाही. प्रोस्पेरोच्या ट्रकला दिल्यावर उरलेला पांढरा ऑइलपेंट त्याने दोन हात देऊन लावला. प्रोस्पेरो ट्रक घेऊन परतताना थांबला.

“अरे, हा तर माझ्या ट्रकचा पांढरा! रस्त्याला ऑइलपेंट?”

“उद्या पाऊस आहे.”

“म्हणून तर चुना लावायचा. जायलाच पाहिजे ना ते.”

“हे जाणार नाही,” एलिएसर म्हणाला आणि कुंचला झटकू लागला.

वास्तविक त्याला त्या पावसाची भीती नव्हती. त्याला तो हवा होता. शर्यत संपेपर्यंत एक नाव वाहून जावे आणि एकच उरावे, एवढेच त्याचे मागणे होते. कोणाला दुखापत व्हावी असे त्याच्या मनात नव्हते, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मत्सर बहुधा इतकेच मागतो: दुसऱ्याचे थोडे पुसट व्हावे.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून वळणावर गर्दी होती. एदेल्मिराने आपल्या घरापुढे चूल मांडून गुळाचे गरम पाणी, ताजे चीज आणि मक्याच्या भाकरी विकायला ठेवल्या होत्या. तिच्या मागे एका नव्या खोलीच्या भिंती कमरेइतक्या वर आल्या होत्या आणि शेजारी प्लास्टिकखाली रेतीचा ढीग होता. ती खोली युरानीसाठी होती, आणि गाव ती पाळीपाळीने बांधून देत होते. एलिएसरनेही एक दिवस विटा वाहिल्या होत्या. नेल्सीसाठी गावाने कधी एक वीटही उचलली नव्हती. तिला स्वतंत्र खोली आधीपासून होती, ही गोष्ट ह्या हिशेबात तो धरीत नसे.

“घ्या कोंपाद्रे, गरम आहे तोवर,” एदेल्मिराने पेला पुढे केला. “युरानीचं नाव काय देखणं काढलंत हो! मी पहाटे जाऊन बघून आले. आज आपल्या दोघींचा दिवस.”

“दोघींचा?”

“मग काय? एक माझ्या पोटची, एक तुमच्या. कुणीही आली तरी जर्सी तिबागोतातच.”

ती मनापासून बोलत होती. एलिएसरला त्यात दानशूरपणाचा दर्प आला. ‘दोघींचा’ हा शब्द जिंकणाऱ्यालाच परवडतो, असे त्याने ठरवले आणि गुळाचे पाणी कडू घोटासारखे गिळले.

पहिल्या फेरीत सारा घोळका एकत्र आला आणि त्याच्या अग्रभागी नेल्सी होती, पॅडलवर उभी राहून, बापाने शिकवले होते तशी. ती आपल्या शुभ्र नावावरून वर गेली तेव्हा एलिएसरचा ऊर भरून आला. युरानी पाचसहा जणींमागे, सीटवर बसून, घाई नसल्यासारखी चढत होती. तिला पाहताच गर्दी उसळली.

“युरानी! युरानी! चल पोरी!”

आणि मग कोणाला तरी भान आले. “नेल्सी पण! नेल्सी पण!”

त्या ‘पण’ने एलिएसरच्या काळजाला चिमटा घेतला.

दुसऱ्या फेरीच्या अखेरीस वरच्या ओसाड पठारावरून भुरभुर उतरली. आमच्याकडचा हा पाऊस दिसत नाही. केवळ सारे ओले होते. तिसऱ्या फेरीपर्यंत खालचा चुना सुटू लागला. युरानीचे नाव आधी फुगले, मग त्याच्या कडा विरल्या, आणि दुधाच्या ओघळासारखे ते गटाराकडे निघाले.

“एलिएसर,” प्रोस्पेरो ओरडला, “तुझ्या धर्मकन्येचं नाव चाललं बघ नदीला!”

“चुन्याचं असंच असतं,” एलिएसर म्हणाला. त्या क्षणी तो सुखी होता. इतके स्वच्छ सुख त्याला कित्येक महिन्यांत लाभले नव्हते.

चौथ्या फेरीत घोळका विरळ होऊन दहाबारा मुली उरल्या होत्या. वळणावर अँतिओकिया प्रांताची एक उंच मुलगी जोर लावण्यासाठी पॅडलवर उभी राहिली, आणि तिचे मागचे चाक जागच्या जागी गरगरले. ती सायकलसकट पोत्यासारखी आडवी झाली. तिच्यामागे दोघींना पाय टेकावे लागले. नेल्सी आतल्या कडेने येत होती, उभी. तिचेही चाक घसरले. तिने तोल सावरला, पण वेग मेला, आणि डोळ्यांदेखत बरेच अंतर तिच्या हातून गेले. युरानी बाहेरच्या कडेने आली. बसून चढत असल्यामुळे तिचे वजन मागच्या चाकावर होते. ते थरथरले, पण सुटले नाही. ती पुढे गेली.

“रस्त्याला झालंय काय?” कोणीतरी विचारले.

प्रोस्पेरोने बुटाचा तळवा पांढऱ्या अक्षरावर घासला आणि तो घसरता घसरता वाचला. “साबण आहे साबण! एलिएसर, मी काल म्हटलं नव्हतं तुला? चुना लाव म्हणून?”

साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या. एलिएसर त्यांच्याकडे पाहत नव्हता. मुलीचे नाव पावसाने जाऊ नये म्हणून त्याने जे केले, तेच नाव आता मुलीच्या चाकाखालून रस्ता काढून घेत होते. त्याने खांद्यावरची लोकरी रुआना ओढून काढली आणि गुडघे टेकून तो अक्षरे पुसू लागला. पुसल्याने ती अधिकच चकाकली.

रेडिओवर निवेदक घसा फोडून सांगत होता की उतारावर नेल्सी तिबादुइसाने युरानी सियाचोकेला गाठले आहे, दोघी इतरांपासून सुटल्या आहेत, आणि शेवटच्या चढाचा निकाल ह्या दोघींतच लागणार. नेल्सी उतारावर कधीच कोणाला हार जात नसे. म्हणजे सारे काही ह्या वळणावर ठरणार होते.

ओल्या रस्त्यावर ट्रक घसरू लागला की आमचे चालक चाकाखाली रेती टाकतात. जवळपास कोरडी रेती एकाच ठिकाणी होती. एलिएसर चुलीपाशी गेला.

“कोमाद्रे, थोडी रेती हवी होती.”

“आत्ता? शर्यत सोडून भिंत बांधायला निघालात की काय?”

“नावावर टाकायची आहे.”

“कुणाच्या?”

“माझ्या पोरीच्या,” तो म्हणाला. हे दोन शब्द त्याला रेतीपेक्षा जड गेले.

एदेल्मिराने त्याच्याकडे पाहिले, मग वळणाकडे, आणि प्लास्टिक दूर सारले. “न्या की. विचारताय काय? पोती तिकडे आहेत. घाई करा, शिट्ट्या ऐकू यायला लागल्यात.”

मोटरसायकलवरच्या पंचांच्या शिट्ट्या खालून खरेच येत होत्या. त्याने पोते भरले, वळणावर नेले आणि आतल्या कडेपासून मुठींनी रेती पसरू लागला. नेल्सी आतून चढते. आतली अक्षरे झाकली गेली, मधले झाकले गेले. पोते अर्धे झाले होते. पुढे बाहेरची बाजू होती, आणि बाहेरून युरानी चढते.

तो थांबला.

कारणे त्याच्यापाशी होतीच. वेळ थोडा होता. युरानी बसून चढते; तिला रेतीची गरज नव्हती. मागच्या फेरीत ती विनासायास गेली होती, हे सर्वांनी पाहिले होते. शिवाय बापाने आधी आपल्या मुलीचे पाहावे, ह्याला कोणता धर्म हरकत घेईल? एकूण एक कारण खरे होते. माणसाचे सर्वांत वाईट निर्णय खऱ्या कारणांवरच उभे असतात. खोट्या कारणांची त्याला निदान लाज वाटते.

“दुसरीकडे पण टाक की!” प्रोस्पेरो ओरडला.

“टाकतो, टाकतो,” एलिएसर म्हणाला. पोते त्याने छातीशी धरले होते.

तोच त्या आल्या. नेल्सी पुढे, आतून. युरानी तिच्या मागच्या चाकाला चिकटून, किंचित बाहेर. दोघींची तोंडे उघडी, दोघींच्या चेहऱ्यांवर चिखल. आणि एक क्षणभर गर्दीलाही कोण कोण ते ओळखता आले नाही. नेल्सीने मान वर केली. वळणावर, आपल्या वाटेवर, तिला रेती दिसली.

तिने विचार केला नाही. विचार करायचा नाही, असेच तिला शिकवले होते. तिने चाक बाजूला काढले, आणि ती बाहेरच्या बाजूच्या उघड्या, ओल्या, चकाकणाऱ्या अक्षरांवर गेली. त्यामुळे युरानीला आत दबून रेतीवरून जावे लागले. तिनेही रेती पाहिली, पण तिला सरकायला जागा उरली नव्हती. रेती कुरकुरली आणि तिचे चाक घट्ट धरले गेले.

“आत! नेल्सी, आत!” एलिएसर किंचाळला. नेल्सीचे चाक गरगरले. त्याने उरलेले पोते तिच्या चाकापुढे भिरकावून रिते केले. अर्धी रेती रस्त्यावर पडली आणि अर्धी तिच्या पाठीवर. चाकाला पकड मिळाली, ती पडली नाही, ती निघाली. पण युरानी एक सायकलभर पुढे होती. वळणाआड आधी एक पाठ दिसेनाशी झाली, मग दुसरी, रेतीने माखलेली.

वळणावरून चर्च दिसत नाही. सारे रेडिओभोवती गोळा झाले.

“तिबागोता! तिबागोताची विजेती! देशाची अजिंक्य मुलगी तिबागोताची!” निवेदक ओरडला, आणि लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. दोन माणसे तेवढी हलली नाहीत, कारण त्यांना गावाचे नाव पुरेसे नव्हते. एदेल्मिराच्या हातात पळी होती, एलिएसरच्या हातात रिकामे पोते. मग नाव आले. युरानी सियाचोके, पुढचे चाक एक वीत आघाडीवर.

एदेल्मिराने पळी खाली ठेवली आणि पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले. ती रडली नाही. “तुमची पण काय लढली हो, कोंपाद्रे,” ती म्हणाली.

पुन्हा तो ‘पण’.

समारंभ आटोपून दोघी मुली सायकली ढकलीत खाली आल्या तेव्हा भुरभुर थांबली होती. युरानीच्या अंगावर तीन रंगांची जर्सी होती, थोडी सैल. ती थेट एलिएसरपुढे आली आणि आमच्या रीतीप्रमाणे हात जोडून उभी राहिली.

“आशीर्वाद द्या, पाद्रीनो.”

त्याने तिच्या मस्तकावर क्रूस रेखला. त्याच्या बोटांना चिकटलेली रेती तिच्या केसांत पडली. जर्सीचा पिवळा पट्टा त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि आशीर्वादाचे शब्द तो संपवीत असताना त्याचे मन तो पट्टा मोजून नेल्सीच्या खांद्यांना लावून पाहत होते. तिला तो अगदी बरोबर बसला असता.

नेल्सी मागे उभी होती. तिने पाठीवरची रेती झाडली.

“बाबा, रेती तुम्ही टाकलीत?”

“हो.”

“माझ्यासाठी?”

“हो.”

“मग अर्धीच का टाकलीत?”

एलिएसरने कारणे शोधली. आता त्यांतले एकही सापडेना. उत्तर एदेल्मिराने दिले. चुलीवरून गुळाच्या पाण्याचे दोन पेले भरता भरता, मान वर न करता ती म्हणाली, “रेती तेवढीच होती ग माझ्याकडे, पोरी. जेवढी होती तेवढी त्यांनी टाकली. घे, पी.”

तिच्यामागे कमरेइतक्या भिंतीशी रेतीचा ढीग पडला होता, प्लास्टिक दूर सारलेला, बैलगाडीभर तरी.

एलिएसर तिच्याकडे पाहत राहिला. मुलगी तिची जिंकली, गाव तिचे झाले, खोली तिची उठणार. आणि आता हा मोठेपणाही, त्याच्याच पापावर पांघरूण घालून, तिनेच न्यायचा? ह्यातले काहीच त्याच्यासाठी उरू नये? इतके दिवस जमवलेल्या साऱ्या कारणांपेक्षा हे एक कारण त्याला असह्य झाले.

“खोटं आहे,” तो म्हणाला. “रेती पुष्कळ होती. माझ्या पोत्यातसुद्धा होती. युरानी बाहेरून येते, म्हणून मी बाहेर टाकली नाही.”

युरानीने केसांतली रेती काढायला वर नेलेला हात खाली घेतला.

त्या दिवसापासून गावात ह्याला एलिएसरचा प्रामाणिकपणा म्हणतात आणि मुलांना त्याचा दाखला देतात. मला ते मान्य नाही. प्रामाणिकपणा दुसऱ्याकडे पाहून केला जात नाही. आणि तो बोलला तेव्हा मुलीकडे पाहत नव्हता, एदेल्मिराकडे पाहत होता.

नेल्सीने मात्र बापाकडे पाहिले, मग ढिगाकडे, आणि एदेल्मिराच्या हातून पेला घेतला.

“माहीत आहे, बाबा,” ती म्हणाली. “ढीग केवढा आहे तो. मला दिसतोय.” आणि ती युरानीला सरकवून तिच्याशेजारी बाकावर बसली.